नगर जिल्ह्याचे टपाल: डाकचौकीपासून उंबऱ्यापर्यंत

पूर्वी अहमदनगर आणि 2024 पासून अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील टपालव्यवस्थेचा इतिहास हा मुख्यतः पत्रवाटपाचा इतिहास आहे. कारण एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यापर्यंत कागद पोहोचविण्याची सोय या मुलखात निजामशाहीपासून कोणत्या ना कोणत्या रूपाने होतीच, परंतु तो कागद सामान्य रयतेच्या नावाने निघून तिच्याच हाती पडावा ही कल्पना येथे फार तर पावणेदोनशे वर्षांची आहे. सुमारे 17,048 चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या, राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात पश्चिमेस अकोले तालुक्यातील सह्याद्रीची शिखरे, पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी-जामखेडकडील कोरडे पठार आणि मधून गोदावरी-प्रवरेचे खोरे अशी भूमी असल्यामुळे टपालाची वाट सर्वत्र सारख्या वेगाने पुढे गेली नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे टपालाची हद्द व जिल्ह्याची हद्द यांचे आजही पूर्णपणे जुळलेले नाही.

मोगल अमदानीतील डाकचौकी, म्हणजे ठरावीक अंतरावर बदली माणसे व घोडी तयार ठेवून सरकारी कागद पुढे नेण्याची पद्धत, किती कार्यक्षम होती याची साक्ष नगरजवळच्या भिंगारशी निगडित आहे. 1707 साली औरंगजेबाचा मृत्यू या परिसरात झाला आणि ती बातमी पार पेशावरकडे जमरूद येथे असलेल्या शाहजादा मुअज्जमपर्यंत काही आठवड्यांतच पोहोचली. मराठेशाहीत हेच काम जासूद, हरकारे व सांडणीस्वार करीत. महत्त्वाचे कागद थैलीत घालून, लाखेने बंद करून, म्हणजे लाखोटा करून, जासूदजोडीबरोबर रवाना केले जात. वाटेत एकाचे काही बरेवाईट झाले तरी दुसऱ्याने मजल गाठावी हा जोडी पाठविण्याचा हेतू होता. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 1795 मध्ये मराठे व निजाम यांच्यात झालेल्या लढाईच्या वेळची छावणीतील पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहात आढळतात, आणि रणांगणावरील तपशील पुण्याकडे किती नियमितपणे कळविला जात होता हे त्यांवरून समजते. ही सारी यंत्रणा अर्थातच दरबाराची होती. सावकारी पेढ्यांचे स्वतःचे कासीद, म्हणजे पगारी निरोपे, असत. परंतु कुणब्याला किंवा कोष्ट्याला आपल्या सोयऱ्याकडे निरोप धाडायचा असेल, तर त्या बाजूला निघालेला वाटसरू, वारकरी किंवा लमाणांचा तांडा हाच त्याचा आधार होता.

ऑगस्ट 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतल्यावर येथून पुणे व मुंबईकडे लष्करी डाक धावू लागली, आणि 1818 मध्ये पेशवाई संपून जिल्हा कंपनी सरकारच्या प्रत्यक्ष अमलाखाली आल्यावर तिला मुलकी कारभाराची जोड मिळाली. 1837 च्या कायद्याने सरकारी डाक जनतेला पैसे भरून वापरण्यास खुली झाली खरी, पण आकारणी पत्राच्या वजनाबरोबरच अंतरावरही होत असल्याने लांबचे पत्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर राहिले. खरा पालट 1 ऑक्टोबर 1854 पासून झाला. त्या दिवसापासून देशभर तिकिटे चालू होऊन पाव तोळा वजनाच्या पत्रास अंतर कितीही असले तरी अर्धा आणा हा एकच दर ठरला आणि प्रांतोप्रांतीच्या कचेऱ्या एका महासंचालकाच्या हाताखाली आल्या. तिकीट न लावता टाकलेल्या पत्राची दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल होई. अशा पत्रास बोलीभाषेत 'नॉटपेड' म्हणत. पुष्कळ लोक मुद्दामच तिकीट लावीत नसत, कारण पैसे अगोदर दिलेल्या पत्राची वाटेत कोणी काळजी घेणार नाही, पण ज्यावर सरकारला येणे आहे ते पत्र सरकार झक मारून पोहोचवील, असा त्यांचा हिशेब होता. नव्या संस्थेवरील अविश्वास इतक्या व्यवहारी रूपात क्वचितच प्रकट झाला असेल.

या टप्प्यावर टपाल म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण, छावणी आणि मोठ्या बाजारपेठा यांपुरती सोय होती. तेथून आत, तालुका कचेरी ते पोलीस ठाणे आणि ठाणे ते गाव, अशी वाट जिल्हा डाकेची असे. ती स्थानिक अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, स्थानिक खर्चाने आणि मुख्यतः सरकारी कागदांसाठी चालविली जाई, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून ती टप्प्याटप्प्याने टपाल खात्यात विलीन होत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत संपुष्टात आली. मात्र त्याहून खालची पायरी स्मरणिकांतून सहसा नोंदली जात नाही, ती येथे नोंदणे अगत्याचे आहे. पाटील-कुलकर्ण्यांचे सरकारी लखोटे एका गावाच्या शिवेवरून दुसऱ्या गावाच्या चावडीपर्यंत नेण्याचे काम वतनी चाकरी म्हणून महार समाजाकडे होते. रात्र असो की पाऊस, हाक आली की निघावे लागे आणि त्याचा रोख मोबदला नगण्य असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या महार वतनाविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला त्या वतनाचा हा एक भाग होता, आणि 1958 च्या कायद्याने ही वतने रद्द होण्याचा मार्ग मोकळा झाला. ग्रामीण टपालाच्या पायाखाली ही वेठ होती, हे सांगितल्याशिवाय रनरच्या घुंगूरकाठीचे कौतुक अपुरे ठरते.

रनर, म्हणजे पायी टपाल नेणारा धावक, हा खात्याचा पगारी नोकर होता. खांद्यावर थैला, हातात घुंगरे बांधलेला भाला आणि पाच-सहा मैलांचा टप्पा, असे त्याचे काम असे. टप्प्याच्या शेवटी थैला पुढच्या रनरच्या स्वाधीन होई. नगर-पुणे या सुमारे 120 किलोमीटरच्या सडकेवरील टपाल कालांतराने टांग्यांवर आले, पण जिल्ह्याच्या टपालाचे खरे वळण ठरविले ते 1878 मध्ये सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाने. दुष्काळाच्या तडाख्यातून जिल्हा नुकता सावरत असताना उभा राहिलेला हा मार्ग विसापूर, नगर, वांबोरी, राहुरी, बेलापूर, पुणतांबे, कोपरगाव अशा स्थानकांनी जिल्हा दक्षिणोत्तर छेदून जातो. त्यापूर्वी टपाल नगर शहरात येऊन चहूकडे फाकत असे. रेल्वेनंतर प्रत्येक स्थानक हे आपल्या बाजूच्या गावांचे टपालाचे नाके झाले. ज्या गावाहून स्थानक जवळ त्याचे टपाल लवकर, आणि जामखेड-अकोल्यासारखी लोहमार्गापासून दूर राहिलेली तालुक्याची गावे अनेक दशके रनरच्या आणि पुढे मोटारीच्या भरवशावर, असा भेद तेव्हापासून पडला.

याच सुमारास टपाल खात्याने एकामागून एक अशा सेवा आणल्या की पत्र न लिहिणाऱ्या माणसाचाही टपालकचेरीशी संबंध जडला. 1877 मध्ये व्ही.पी., म्हणजे माल घेताना पैसे चुकते करण्याची सोय, 1 जुलै 1879 पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड, 1880 मध्ये मनीऑर्डर आणि 1882 मध्ये बचत बँक, असा हा क्रम आहे. त्यांपैकी नगर जिल्ह्याच्या दृष्टीने मनीऑर्डरीचे महत्त्व सर्वांत मोठे मानावे लागेल. पाऊस दगा देणाऱ्या तालुक्यांतून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व लष्करात गेलेल्या माणसांची कमाई याच मार्गाने घरी येत असे. मनीऑर्डरीच्या फॉर्मच्या तळाशी चार ओळींच्या मजकुराची एक चिठ्ठी असे आणि पुष्कळ घरांत महिन्याचे पत्र म्हणजे तेवढाच मजकूर. पोस्टमन पडवीत बसून नोटा मोजून देई, घेणारीला सही येत नसल्यास अंगठ्याला शाई लावून ठसा घेई, साक्षीला शेजारचा कोणी बोलावला जाई आणि मग तीच चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखविली जाई. ठशाची पावती परत मुंबईला पोहोचली म्हणजे पाठविणाऱ्याला पैसे मिळाल्याचा पुरावा मिळे. एकाच फेरीत खजिनदार, वाचक आणि साक्षीची जुळणी करणारा, अशी तिन्ही कामे करणारा सरकारी नोकर खेड्याने दुसरा पाहिला नव्हता.

खेड्यांसाठी खात्याने दोन उपाय योजले. एक ग्राम-पोस्टमन, म्हणजे ठरलेल्या गावांची फेरी करून पत्रे वाटणारा, वाटेत टाकायची पत्रे गोळा करणारा आणि तिकिटे-कार्डे विकणारा फिरता पोस्टमन. ज्या गावाला त्याची फेरी रोज नसे, तेथील लोक आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराच्या गावी आपले टपाल विचारीत. दुसरा उपाय शाखा डाकघराचा. मोठ्या गावातील प्रधान डाकघर, त्याखाली उपडाकघरे आणि त्यांच्या हाताखाली शाखा डाकघरे, अशी ही उतरंड असून शाखा डाकघरासाठी खाते स्वतंत्र इमारत बांधीत नसे. गावातील शाळामास्तर किंवा दुकानदार थोड्याशा भत्त्यावर हे काम पाहत असे आणि त्याच्या घराचा कोपरा किंवा शाळेची खोली हीच कचेरी असे. या शिक्षक-पोस्टमास्तरांनी खात्याला फार स्वस्तात खेडे मिळवून दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

घरोघरच्या पत्रपेटीचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. इंग्लंडमध्ये 1840 च्या पेनी टपालानंतर पत्रांची संख्या एवढी वाढली की दार उघडण्याची वाट पाहण्यात पोस्टमनचा वेळ जाऊ नये म्हणून 1849 पासून घरमालकांना दारात फट ठेवण्याचा आग्रह करण्यात आला. अमेरिकेत शहरी घरांना अशी फट किंवा पेटी 1923 पासून सक्तीची झाली, आणि 1896 मध्ये सुरू झालेल्या तेथील ग्रामीण वाटपात शेतकऱ्याने रस्त्याच्या कडेला पेटी उभारावी व गाडीवानाने खाली न उतरता तीत पत्र टाकावे, असा दंडक पडला. नगर जिल्ह्यात यातले काहीच घडले नाही. येथे पेटी म्हणजे पत्र टाकण्याची, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर टांगलेली लाल पेटी. पत्र घेण्यासाठी पेटीची गरजच नव्हती, कारण वाड्याचा दिंडी दरवाजा दिवसभर उघडा असे, घरात कोणी ना कोणी असेच आणि पोस्टमन नावाने हाक मारीत असे. आलेले पत्र वाचून झाले की खुंटीला टांगलेल्या आकड्याच्या तारेत टोचून ठेवले जाई, आणि घराची खरी पत्रपेटी म्हणायची तर ती ही तार होय. तिच्यात सर्व पत्रांना जागा नव्हती: कोपरा फाडलेले कार्ड म्हणजे मृत्यूची वार्ता, आणि ते वाचताच फाडून टाकण्याची रीत होती. शहरांत बहुमजली इमारती उभ्या राहू लागल्यावर तळमजल्यावर नावानिशी पेट्या बसविण्याचा आग्रह खात्याने धरला आणि सावेडीसारख्या उपनगरांतील इमारतींच्या जिन्याखाली पत्र्याच्या पेट्यांची रांग दिसू लागली. त्यांपैकी बऱ्याच पेट्यांची कुलपे आज गंजलेली आहेत, ही गोष्ट वेगळी.

टपालाने जिल्ह्याला दिलेल्या देणग्यांत वृत्तपत्रांचा वाटा वेगळा काढून दाखविला पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये नगर येथे सुरू केलेले 'ज्ञानोदय' हे नियतकालिक टपालाच्या अगदी आरंभीच्या काळातले. परंतु अधिक बोलके उदाहरण सत्यशोधक चळवळीचे पुढारी मुकुंदराव पाटील यांच्या 'दीनमित्र' साप्ताहिकाचे आहे. 1910 मध्ये सुरू झालेले हे पत्र पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून निघत राहिले. शहराचा, रेल्वेस्थानकाचा किंवा मोठ्या छापखान्याचा शेजार नसलेल्या गावातून साप्ताहिक चालविणे शक्य झाले याचे श्रेय संपादकाच्या जिद्दीला आहेच. त्याचबरोबर नोंदणीकृत वृत्तपत्राला मिळणाऱ्या सवलतीच्या टपालदरालाही आहे, कारण त्या दरामुळेच तरवडीत घडी घालून पत्ता चिकटविलेला अंक दूरच्या वर्गणीदाराला परवडणाऱ्या किमतीत मिळू शकला. शिर्डीचाही उल्लेख याच ओघात करावयास हवा. साईबाबांच्या हयातीत भक्तांना उदी टपालाने पाठविली जात असे, आणि 1923 पासून 'श्री साईलीला' मासिकाने ती वाट कायमची रुळविली.

नगरच्या टपालाचा एक अध्याय मात्र पत्रे अडविण्याचा आहे. 1901 पासून येथे बोअर युद्धातील कैदी, पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक व युद्धकैदी आणि दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी पुन्हा जर्मन नजरकैदी ठेवण्यात आले. 1907 च्या हेग कराराप्रमाणे युद्धकैद्यांच्या पत्रांना टपालहशील माफ होते, पण प्रत्येक पत्र तपासणीतून जाई, आणि त्यावर उमटलेल्या तपासनिसांच्या शिक्क्यांमुळे नगरच्या छावणीची पाकिटे आज जगभरचे तिकीटसंग्राहक मोलाची मानतात. 9 ऑगस्ट 1942 रोजी पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना किल्ल्यात आणले तेव्हा तर त्यांचा ठावठिकाणाच गुप्त ठेवण्यात आला. आरंभी वर्तमानपत्रे व पत्रे दोन्ही बंद होती आणि पुढे फक्त घरगुती पत्रव्यवहाराची, तीही तपासणीसह, मुभा मिळाली. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी या कैदेत आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून जी पत्रे लिहिली ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनच लिहिली, आणि 1946 मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. उर्दू गद्यातील या मान्यवर ग्रंथाचा उगम नगरच्या किल्ल्यात आहे, याची दखल जिल्ह्याच्या टपाल-इतिहासाने घेणे उचित ठरेल.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात 23,344 डाकघरे होती. आज ती एक लाख 64 हजारांहून अधिक असून त्यांतील दहापैकी सुमारे नऊ ग्रामीण भागात आहेत. या विस्ताराला नगर जिल्ह्यात दोन गोष्टींनी हातभार लावला. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली, आणि पुढील काळात एस.टी. जेथे मुक्कामाला जाई तेथपर्यंत टपालाचा थैलाही जाऊ लागल्याने रनरचे लांब टप्पे हळूहळू बंद झाले. दुसरी गोष्ट साखर कारखान्यांची: लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यानंतर प्रवरानगरसारख्या वसाहती स्वतःचे डाकघर मागू लागल्या. लष्करी तळामुळे आणि घरटी शिपाई देणाऱ्या गावांमुळे '56 ए.पी.ओ.' व '99 ए.पी.ओ.', म्हणजे लष्करी डाकघरांच्या पत्त्यांची पत्रे, हाही येथील टपालाचा परिचित भाग राहिला.

या ग्रामीण जाळ्याचा भार ज्यांनी वाहिला ते मात्र दीर्घकाळ खात्याचे पूर्ण नोकर मानले गेले नाहीत. शाखा पोस्टमास्तर, वाटप करणारे व थैला नेणारे हे 'खातेबाह्य', बोलीत 'ई.डी.', कर्मचारी होते. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात त्यांचे पद हे नागरी पद असल्याचा निर्वाळा दिला आणि 2001 च्या नियमांनी त्यांना ग्रामीण डाक सेवक हे नाव मिळाले. तथापि त्यांचे काम कागदोपत्री आजही चार-पाच तासांचेच धरले जाते व नियमित नोकरांचे निवृत्तिवेतन त्यांना लागू नाही. दीडशे वर्षांपूर्वी शाळामास्तराकडून स्वस्तात काम करून घेण्याची जी सवय लागली, तिचाच हा वारसा आहे.

15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेली पिनकोड पद्धत हे मराठी माणसाचे, संस्कृत कवी व केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे काम. एकाच नावाची अनेक गावे हे तिचे एक प्रमुख कारण होते आणि नगर जिल्ह्याला त्याचा अनुभव चांगलाच होता: कर्जत येथेही आहे आणि रायगडातही, बेलापूर श्रीरामपूरजवळही आहे आणि नवी मुंबईतही, वाडगाव, पिंपळगाव, निमगाव यांची तर गणतीच नको. 414402 व 410201 या आकड्यांनी दोन कर्जतांचा घोळ मिटविला. पिनच्या पहिल्या तीन अंकांवरून पत्र कोणत्या वर्गवारी केंद्राकडे जावयाचे हे कळते, आणि ते अंक लावून पाहिले म्हणजे आरंभी म्हटलेली हद्दींची विसंगती स्पष्ट होते. नगर 414001, शेवगाव 414502 व पारनेर 414302 येथे 414 आहे. श्रीगोंदे 413701, राहुरी 413705, श्रीरामपूर 413709 व जामखेड 413201 ही सोलापूरशी समान असलेल्या 413 मध्ये. संगमनेर 422605 व अकोले 422601 नाशिकच्या 422 मध्ये. आणि कोपरगाव 423601, राहाता 423107 व शिर्डी 423109 मनमाड-येवल्याच्या 423 मध्ये पडतात. महसुलाचा जिल्हा एक, पण टपालाच्या दृष्टीने चार दिशांना वाटलेला. टपाल खात्याने आपल्या कारभारासाठीही येथे अहमदनगर व श्रीरामपूर असे दोन विभाग ठेवले आहेत. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले तेव्हा पत्त्यातील शब्द बदलला, पिन तसाच राहिला.

गेल्या काही वर्षांतील बदल थोडक्यात सांगता येतात. 15 जुलै 2013 रोजी तार बंद झाली, 2015 मध्ये जुन्या स्वरूपाची मनीऑर्डर थांबली, 1 सप्टेंबर 2018 पासून टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू होऊन पोस्टमनच्या हाती यंत्र आले, 1898 चा कायदा जाऊन 2023 चा नवा कायदा जून 2024 मध्ये अमलात आला आणि 2025 मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. पोस्टकार्ड आजही 50 पैशांनाच मिळते, पण ते मागणारे ग्राहक विरळ झाले आहेत. थैल्यात आता बँकांची पाकिटे, आधार कार्डे आणि ऑनलाइन मागविलेल्या वस्तू यांचाच भरणा अधिक असतो.

या इतिहासाचे अस्सल साधन कचेऱ्यांच्या दप्तरापेक्षा घरोघरी आहे. जुन्या कार्डावर टाकल्याच्या गावाचा व वाटपाच्या गावाचा असे दोन शिक्के असतात, आणि कोणते डाकघर केव्हा अस्तित्वात होते व पत्रास किती दिवस लागले हे त्यांवरून निश्चित करता येते. म्हणून जिल्ह्यातील कुटुंबांना विनंती आहे की तारेत टोचलेली जुनी कार्डे, मनीऑर्डरीच्या पावत्या आणि फौजी पाकिटे रद्दीत घालू नयेत, तिकीट काढण्यासाठी पाकीट पाण्यात भिजवू नये, आणि जपणे शक्य नसल्यास ती नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाकडे सुपूर्द करावीत.